अब्बांचा दालचिनी पाव

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अब्बांपुढचं ताट नेहमीसारखंच अर्धं भरलेलं होतं. अम्मी गेल्यापासून त्यांचं जेवण असंच झालं होतं. चार घास खायचे, "बस्स" म्हणायचं आणि हात धुवायला उठायचं. रत्नागिरीकडचं घर बंद करून आम्ही त्यांना पुण्याला आणलं, त्यालाही आठ महिने होऊन गेले होते. वजन उतरत होतं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट ठीक आले. "त्यांना आवडेल ते खायला घाला," एवढंच ते म्हणाले. पण आवडेल ते म्हणजे काय, हेच कळत नव्हतं. सांदणं केली, ती अम्मीच्या हातासारखी होईनात. मासे आणले, तर "पुण्यात मासा खायचा?" म्हणून हसले आणि वाटी बाजूला सारली.

त्या रात्री आमची आठवीतली मुलगी त्यांच्या शेजारी बसून मोबाइलवर काहीतरी बघत होती. कुठल्याशा कॅफेतला पदार्थ होता. गोल गुंडाळलेला पाव, आत तपकिरी रेघ, वरून ओघळणारं पांढरं आयसिंग. अब्बांनी चष्मा नीट केला, मोबाइल जवळ ओढला आणि म्हणाले, "हा तर गोटनबर्गचा पाव. दालचिनीचा."

आठ महिन्यांत त्यांनी स्वतःहून एखाद्या खाण्याच्या वस्तूचं नाव घेतलं, ते हे पहिलंच.

आम्ही म्हणजे दोघी बहिणी. दोघीही शिक्षिका. एकीची शाळा उर्दू माध्यमाची, दुसरीची मराठी. घरंही एकाच इमारतीत, वरखाली. त्यामुळे अब्बा कधी वर, कधी खाली. त्या रात्री मुलं झोपल्यावर आम्ही ठरवलं, की हा पाव पुण्यात कुठे चांगला मिळतो ते शोधायचं आणि अब्बांना खायला घालायचा. काम सोपं वाटलं होतं. त्याला तीन महिने लागले आणि शेवटी लक्षात आलं, की आम्ही शोधत होतो ते एक आणि अब्बांना हवं होतं ते दुसरंच.

बोटीवरचे दिवस

अब्बा आता ७७ वर्षांचे आहेत. त्यांची हयात बोटीवर गेली. आमच्या भागातल्या वाचकांना हे सांगायला नको. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुस्लिम गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं बोटीवर गेली. कुणी खलाशी, कुणी टिंडल, कुणी सारंग, कुणी भंडारी. घरातली बायामाणसं पत्राची वाट बघत आणि कपाटात जपून ठेवलेल्या नलीवर पुढची नोकरी ठरे. अब्बाही खलाशी म्हणून चढले आणि टिंडल होऊन उतरले.

गोटनबर्ग म्हणजे स्वीडनमधलं मोठं बंदर. नकाशात गोथेनबर्ग असं लिहितात, तिथले लोक 'योतेबोरी' म्हणतात. बोटीवरच्या माणसांनी आपल्या जिभेला सोपं जाईल तसं गोटनबर्ग केलं. अब्बांच्या नलीवरून आम्ही हिशेब केला, तो १९७४च्या हिवाळ्यापाशी येऊन थांबला. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. "थंडी होती. दुपारी चारला काळोख. पाव खाल्ला," एवढंच अब्बा सांगत. जास्त विचारलं, की "झालं ते, किती विचारशील गे" असं म्हणत.

मग आम्ही आमच्या पद्धतीनं अभ्यास केला. स्वीडनमध्ये या पावाला 'कानेलबुल्ले' म्हणतात. कानेल म्हणजे दालचिनी. मूळ लॅटिनमधल्या बोरू किंवा नळी या अर्थाच्या शब्दापासून ते नाव आलं, कारण दालचिनीची साल सुकली की नळीसारखी गुंडाळते. आपला शब्दही असाच लांबून आलेला. फारसीत 'दार' म्हणजे झाड किंवा लाकूड. 'दारचीनी' म्हणजे चीनचं लाकूड. उर्दूत ते तसंच राहिलं, मराठीत 'र'चा 'ल' झाला. अरबीत मात्र सरळ 'किरफा', म्हणजे साल. वर्गात मुलांना हे सांगितलं, तेव्हा एका मुलानं विचारलं, "मॅडम, मग बिर्याणीत आपण लाकूड घालतो का?" आम्ही म्हटलं, "हो, आणि पुढच्या वेळी दाताखाली आलं, की लक्षात ठेव, तो फारसी शब्द आहे."

स्वीडनमध्ये या पावाचं इतकं कौतुक, की १९९९पासून दर वर्षी ४ ऑक्टोबर हा दालचिनी पावाचा दिवस म्हणून साजरा होतो. कामातून उठून कॉफी आणि सोबत काहीतरी गोड खायला बसण्याला तिथे 'फिका' म्हणतात. आपला चार वाजताचा चहा आणि खारी, तसंच म्हणा ना.

रिकामं टेबल

पहिल्या वेळी आम्ही अब्बांनाच बरोबर नेलं. शनिवार होता, शाळा सकाळची. असरची नमाज झाली आणि रिक्षा करून आम्ही चौघं निघालो. दोघी बहिणी, मुलगी आणि अब्बा. पांढरा कुर्ता, जाळीची टोपी, हातात काठी. कॅफे नवा होता, काचेचा, आत थंडगार. पुण्यात आता असे कॅफे कोरेगाव पार्कपासून औंधपर्यंत आणि कोंढव्यापासून बाणेरपर्यंत जागोजागी दिसतात. त्याचं नाव सांगायचं कारण नाही.

खिडकीजवळ चार खुर्च्यांचं टेबल रिकामं होतं. अब्बा तिकडे वळले. काउंटरवरचा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, ते बुक आहे. बरं, मग मागचं? तेही बुक आहे. किती वेळ लागेल? "सांगता येणार नाही." तो आमच्याशी बोलत होता, पण पुन्हा पुन्हा बघत होता अब्बांच्या टोपीकडे. त्याचा आवाज चढला नव्हता, शब्दही वाईट नव्हता. आम्ही दारापाशी उभं राहिलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. आमच्यानंतर आलेल्या तिघांना जागा मिळाली. खिडकीजवळचं टेबल रिकामंच राहिलं.

अब्बा म्हणाले, "मी रिक्षात बसतो, तुम्ही घेऊन या." आम्ही काही बोलायच्या आत ते काठी टेकत बाहेरही गेले. आम्हाला तेव्हा भांडायला हवं होतं का? त्या रात्री दोघी बहिणी यावर बराच वेळ बोललो. वर्गात चाळीस मुलांना गप्प करणाऱ्या आम्ही, तिथे मात्र पैसे देऊन खोका घेतला आणि बाहेर पडलो. मुलगी सोबत होती, तमाशा नको, अब्बांना त्रास नको, अशी कारणं आम्ही एकमेकींना दिली. मुलीनं मात्र घरी आल्यावर विचारलं, "ते टेबल खरंच बुक होतं का?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. "माहीत नाही," एवढंच आम्ही म्हणालो आणि ते खरंही होतं.

त्या दिवसापासून अब्बांचं एकच पालुपद झालं. "तिथं आपलं काय काम? खायचंच असेल तर घरी आणा."

हजेरीवहीतले गुण

मग आम्ही घरी आणायला लागलो. शाळेत शिल्लक राहिलेली एक कोरी हजेरीवही घेतली आणि रकाने आखले. पाव, दालचिनी, गोडी, किंमत, शेरा. मुलांच्या नावांच्या जागी कॅफेंची नावं. तीन महिन्यांत अकरा ठिकाणचे रोल चाखले. एकाची किंमत १६० रुपयांपासून २८० रुपयांपर्यंत. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हे परवडत नसे, तेव्हा वही मिटून ठेवायची.

अकरा रोल खाऊन काही गोष्टी कळल्या, त्या वाचकांच्या उपयोगाच्या म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, हा मुळात पाव आहे, केक नव्हे. मैदा, दूध, लोणी आणि यीस्ट यांचं पीठ दोनदा फुगवावं लागतं. नीट फुगलेला असेल तर बोटांनी ओढल्यावर त्याचे धागे निघतात आणि मधला गाभा ओलसर, मऊ असतो. घाई केली असेल तर तो भुगा होऊन पडतो किंवा मध्ये कच्च्या पिठाची चिकट गाठ राहते. अकरापैकी चार ठिकाणी आम्हाला हीच गाठ मिळाली.

दुसरी गोष्ट, दालचिनी पिठात नव्हे, आतल्या सारणात घालतात. त्याला कारण आहे. दालचिनीला वास येतो तो ज्या तेलामुळे, ते यीस्टला मारक असतं. पिठातच भरपूर दालचिनी कालवली, तर पाव नीट फुगत नाही. म्हणून पीठ लाटायचं, वर लोणी, साखर आणि दालचिनी पसरायची, गुंडाळी करायची आणि तुकडे कापायचे. शिरखुर्म्यात काय कधी घालायचं हे आपल्या आजींना ठाऊक असतं, तशीच ही समज.

तिसरी गोष्ट, आपल्याकडच्या कॅफेंमध्ये मिळतो तो बहुतेक अमेरिकी पद्धतीचा रोल असतो. जाडजूड, खूप गोड आणि वरून क्रीम चीजचं आयसिंग. १९८५ साली अमेरिकेत सिएटलजवळ सिनाबॉन नावाचं दुकान निघालं आणि त्यांनी हा प्रकार जगभर नेला. मुलांना तो फार आवडतो. आम्हाला मात्र बऱ्याच ठिकाणी नाकापेक्षा मोती जड वाटला. आयसिंग काढल्यावर खाली पावाला चवच नसे. स्वीडनचा पाव याहून लहान आणि कमी गोड. त्यावर आयसिंग नसतं, साखरेचे पांढरे जाड दाणे भुरभुरलेले असतात.

चौथी गोष्ट दालचिनीची. बाजारात दालचिनी म्हणून मिळते ती बहुधा कॅसिया असते. जाड, कडक, एकाच थराची साल, चवीला तिखट. खरी दालचिनी म्हणजे श्रीलंकेची. तिचे कागदासारखे पातळ थर एकात एक गुंडाळलेले असतात, बोटांनी दाबली की चुरा होतो आणि चव गोडसर. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच जास्त असतं. ते रोज खूप पोटात गेलं, तर काहींच्या यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपात त्यासाठी कायद्यानं मर्यादा घातली आहे. रोजच्या बेकरी मालात एका किलोत १५ मिलिग्रॅम. सणासुदीच्या पारंपरिक मालात ५०. २०१३ साली यावरून डेन्मार्कच्या बेकरीवाल्यांनी मोठी आरडाओरड केली, की आमचे दालचिनीचे पाव आता संपले. कधीमधी एक रोल खाणाऱ्याला याची भीती नको. पण मधुमेहावर उपाय म्हणून रोज चमचाभर दालचिनी पूड पाण्यातून घेणाऱ्यांनी आपण कुठली दालचिनी घेतो ते बघावं आणि डॉक्टरांना विचारावं. आणि दालचिनी आहे म्हणून हा रोल मधुमेहींना चालतो, असं तर मुळीच समजू नये. त्यात साखर आणि मैदाच जास्त.

काउंटरवर विचारायचे प्रश्न

आपल्या घरांतून एक प्रश्न नेहमी येतो, की हे आपल्याला चालतं का? आम्ही अकरा ठिकाणी विचारलं. बहुतेकांनी नीट उत्तर दिलं, दोघांनी आत जाऊन पाकीट आणून दाखवलं. विचारायला लाजू नये.

आपल्याकडे हिरवा ठिपका असलेल्या मालात प्राण्याची चरबी किंवा प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन नसतं. पण हिरव्या ठिपक्याचा आणि दारूचा संबंध नाही. रम घातलेला पदार्थही हिरव्या ठिपक्याचा असू शकतो. म्हणून रोलमध्ये मनुका असतील, तर त्या कशात भिजवल्या हे विचारावं. आयसिंगमध्ये कुठला अर्क आहे तेही विचारावं, कारण व्हॅनिलाचा अर्क पुष्कळदा अल्कोहोलमध्ये काढलेला असतो. काउंटरवर सुट्ट्या ठेवलेल्या मालावर ठिपका नसतो, तिथे तर विचारलंच पाहिजे. लोणी आहे की दुसरं काही, हा प्रश्न चवीसाठीही विचारण्यासारखा आहे. लोण्याचा रोल जिभेवर विरघळतो, वनस्पती तुपाचा टाळूला चिकटतो.

हा झाला आमचा अभ्यास. आणि अब्बा? दर शनिवारी आम्ही खोका उघडायचो. अब्बा "बिस्मिल्लाह" म्हणून एक तुकडा तोडायचे, सावकाश चावायचे आणि म्हणायचे, "चांगला आहे." उरलेला मुलीकडे सरकवायचे. अकरा वेळा "चांगला आहे." शेऱ्याच्या रकान्यात आम्ही दुसरं काय लिहिणार?

एक चूक आमच्या लक्षात यायला हवी होती. असा पाव ताजा असतो तो भट्टीतून निघाल्यावर काही तासच. थंड होताना आतला स्टार्च पुन्हा घट्ट होऊ लागतो. फ्रिजमध्ये ठेवला तर उलट लवकर घट्ट होतो, म्हणूनच फ्रिजमधला पाव रबरासारखा लागतो. आम्ही शनिवारी दुपारी शाळेतून येताना रोल आणायचो, फ्रिजमध्ये ठेवायचो आणि मगरिबनंतर सगळे जमले, की मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचो. म्हणजे जो पदार्थ जिथल्या तिथे बसून खायचा, तो आम्ही अब्बांना शिळा करून वाढत होतो.

पावसात

सप्टेंबरअखेर अब्बांच्या डोळ्याची तपासणी होती. मोतीबिंदूचं काहीतरी. आम्ही दोघीही रजा टाकून बरोबर गेलो. परतताना पाऊस असा कोसळला, की रिक्षा मिळेना. रस्त्याच्या कडेला एक छोटा कॅफे होता. चार टेबलं, दारात कुंड्या. आमच्या वहीत त्याचं नाव नव्हतं. आम्ही छत्री धरून दारासमोर उभं राहिलो होतो, आत जायचा विचारही नव्हता. अब्बांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती.

आतून एक तरुण मुलगी आली. कपाळाला मैदा लागलेला. म्हणाली, "आजोबा, आत या की. भिजताय कशाला?" अब्बा म्हणाले, "नको, पाय ओले आहेत, तुमची फरशी खराब होईल." ती म्हणाली, "फरशी पुसता येते." आणि भट्टीच्या जवळची, उबेची खुर्ची ओढून दिली.

आत दालचिनीचा वास भरला होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. रोल आहेत का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आत्ताच काढलेत, पण दहा मिनिटं थांबावं लागेल. गरम आहेत, आयसिंग लावलं तर वितळून जाईल." अब्बा म्हणाले, "मग नको लावू. तसाच दे."

आम्ही सवयीनं प्रश्न सुरू केले. लोणी का? लोणी. मनुका? नाहीत. व्हॅनिला? घालत नाही. अब्बा ते ऐकत होते आणि एकाएकी हसायला लागले. खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अम्मी गेल्यानंतर आम्ही त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

"आमच्या सारंगनं पण असंच विचारलं होतं," ते म्हणाले.

आणि मग पन्नास वर्षांत न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. गोटनबर्गला बोट लागली होती. चार खलाशी आणि म्हातारा सारंग शहर बघायला बाहेर पडले. अंगावर बोटीवरचे कोट, पायांत भिजलेले बूट. वर बर्फ, खाली चिखल. एका बेकरीतून वास आला म्हणून काचेपाशी उभे राहिले. आत जायची हिंमत नव्हती. भाषा येत नाही, कपडे असे. आतून एक जाडजूड बाई आली, हाताला धरून पाचही जणांना आत घेतलं आणि भट्टीच्या भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसवलं. तिनं पाव पुढे ठेवले. पण सारंग पक्का नमाजी. यात डुकराची चरबी असली तर? विचारायचं कसं? तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला स्वीडिश. शेवटी सारंगनं बोटानं स्वतःचं नाक वर दाबलं आणि डुकरासारखा आवाज काढला. "घुर्र, घुर्र!" आणि पावाकडे बोट दाखवलं.

"ती बाई आधी घाबरली," अब्बा म्हणाले. "मग तिला कळलं. इतकी हसली, इतकी हसली, की टेबलाला धरून उभी राहिली. आत गेली आणि लोण्याचा गोळा घेऊन आली. आमच्यापुढे ठेवला आणि गाईसारखी हंबरली."

मैदा लागलेली मुलगी ट्रे हातात धरून ऐकत उभी होती. तीही हसत होती.

"पैसे घेतले तिनं. फुकट नाही दिलं," अब्बा पुढे म्हणाले. "पण उठवलं नाही. बोटीवर परत जायची वेळ होईपर्यंत बसू दिलं. दोनदा कॉफी भरली."

रोल आला. वाफ निघत होती. अब्बांनी तुकडा तोडला, खाल्ला आणि थांबले. आम्ही श्वास रोखून बसलो. त्यांनी कुर्त्याच्या खिशातून पत्र्याची डबी काढली. लवंग आणि वेलदोड्यांची ती डबी बोटीवरच्या दिवसांपासून त्यांच्याजवळ असते. एक वेलदोडा दातानं फोडला, दाणे बोटांत चुरडले आणि पावावर टाकले. पुन्हा एक तुकडा खाल्ला.

"त्यात वेलदोडा होता," ते म्हणाले. "आता झालं."

अख्खा रोल संपवला. मग आणखी अर्धा.

वेलदोड्याचं झाड

घरी येऊन आम्ही पुन्हा वाचलं. अब्बांची जीभ बरोबर होती. स्वीडनच्या पावात दालचिनी सारणात असते आणि कुटलेला वेलदोडा थेट पिठात. बर्फाच्या त्या देशात वेलदोडा उगवत नाही, पण त्यांच्या भट्ट्यांना त्याच्याशिवाय चालत नाही. अब्बा खलाशी होते त्या काळात जगाच्या बाजारात सर्वांत जास्त वेलदोडा जाई तो भारतातून. ग्वाटेमाला पुढे गेला तो नंतर. म्हणजे त्या काळोख्या दुपारी परक्या बंदरात अब्बांच्या तोंडात पडला तो वेलदोडा आपल्याकडच्याच डोंगरांवरचा असण्याचा संभव मोठा. "म्हणूनच ओळखीचा वाटला," अब्बा म्हणाले.

आणि दालचिनीसाठीही श्रीलंकेला जायला नको. रत्नागिरीच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रानं नारळाच्या झाडांमध्ये जायफळ, दालचिनी, काळी मिरी लावायची रीत शेतकऱ्यांना दाखवली. तिला 'लाखी बाग' म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं दालचिनीची 'कोकण तेज' ही जात काढली आहे आणि ती खऱ्या, पातळ सालीच्या दालचिनीचीच आहे. अम्मीनं अशी दोन रोपं आमच्या वाडीत लावली होती. तिची पानं ती पुलावात घालायची, साल मात्र कुणी काढली नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अब्बांना घेऊन गावी गेलो. चुलत्यांच्या मुलानं शेजारच्या माहितगाराला बोलावून फांद्या कापल्या. वरची खरबरीत साल खरवडली, आतली काढून सावलीत सुकवली. ती आपोआप नळीसारखी वळत गेली. अब्बा ओटीवर बसून बघत होते.

त्यातली मूठभर नळकांडी एका बरणीत भरून आम्ही पुण्याला आणली आणि त्या कॅफेतल्या मुलीला दिली. ती पैसे घ्या म्हणाली. अब्बा म्हणाले, "पावाचे आम्ही देतो, ह्याचे तू देऊ नको." आता ती शनिवारी चार रोल वेगळे ठेवते. पिठात वेलदोडा, वर आयसिंग नाही. दुसऱ्या गिऱ्हाइकांनीही ते मागायला सुरुवात केली आहे, असं ती सांगते.

अब्बांचं जेवण एका रोलनं सुधारलं, असं आम्ही म्हणणार नाही. वजन थोडं वाढलं, पण ताट अजूनही काही रात्री अर्धं राहतं. अम्मीची जागा पावानं कशी भरेल? पण शनिवारी असर झाली, की ते स्वतः कुर्ता बदलतात, काठी घेतात आणि दारात उभे राहून विचारतात, "किती वेळ गे तुमचा?"

आणि ज्या कॅफेतलं टेबल रिकामं राहिलं होतं, तिथे आम्ही दोघी एका रविवारी पुन्हा गेलो. अब्बांना नेलं नाही. मालकांना भेटलो, झालेलं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. त्यांनी ऐकून घेतलं, माफी मागितली आणि पुढे असं होणार नाही म्हणाले. होतं की नाही, ते आम्हाला माहीत नाही. पण मुलीनं विचारलेला प्रश्न तीन महिने घरात तसाच पडून होता, त्याच्यासाठी एवढं करणं भाग होतं.

हजेरीवही परवा कपाट आवरताना हाती लागली. बारावं नाव आम्ही लिहिलं होतं, पण शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला होता, काय लिहावं ते सुचलं नव्हतं म्हणून. तिथे अब्बांच्या थरथरत्या हातानं उर्दूत लिहिलं होतं, "बसायला दिलं."